ईश्वराची हुंडी आणि आपली पत

आपल्या पेठांतून फिरणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसून येते. दुकान किराण्याचें असो, कापडाचें असो वा सोन्याचांदीचें असो, गादीच्या वर देवाची तसबीर असते, वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहिलेला असतो, आणि दिवाळींत त्या वहीची यथासांग पूजा होते. आपला व्यवहार परमेश्वराच्या साक्षीनें चालला आहे, असें त्यांतून सुचविलें जातें. ही चाल चांगली आहे व ती मोडावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु ज्याच्या नांवानें वही उघडली त्याच्या शब्दावर आपला भरंवसा किती, आणि तो कोणत्या प्रतीचा, हा प्रश्न वहीवाल्यानें स्वतःस क्वचितच विचारलेला असतो. ईश्वर आपलें वचन पाळतो ही श्रद्धा कोणा एका धर्माची मिरास नव्हे. अनन्यभावानें भजणाऱ्याचा भार आपण वाहूं, असें आश्वासन गीतेंत आहे. ईश्वर दिलेल्या शब्दास चुकत नाहीं असें कुराण सांगतें. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाच्या दोन भागांस तर 'जुना करार' व 'नवा करार' अशींच नांवें आहेत. तेव्हां वचन आहे कीं नाहीं याचा वाद आज आम्हांस घालावयाचा नाहीं. त्या वचनावर विश्वास ठेवणें म्हणजे प्रत्यक्ष काय करणें, एवढाच प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

व्यापाऱ्यांस हा प्रश्न हुंडीच्या भाषेंत लवकर कळेल. हुंडी दोन प्रकारची, एक दर्शनी व दुसरी मुदती. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळतात. मुदती हुंडीचे पैसे ठरलेली मुदत भरल्यावर मिळतात. मुदती हुंडी हातीं आल्यावर शहाणा व्यापारी काय करितो? तो पेढीच्या पायरीवर ठाण मांडून बसत नाहीं. पैसे आजच मिळत नाहींत म्हणून कागद फाडीतहि नाहीं. कागदावर नांव कोणाचें आहे हें तो पाहतो, त्या नांवाची पत जाणतो, आणि त्या पतीच्या जोरावर आपला पुढचा व्यवहार चालू ठेवतो. माल भरतो, गडी कामास लावतो, दुसऱ्यास शब्द देतो. त्याचा विश्वास त्याच्या तोंडांत नसून त्याच्या व्यवहारांत दिसतो. उलट हुंडी तिजोरींत ठेवून जो दुकानच बंद करील त्यास आपण श्रद्धाळू म्हणत नाहीं, आळशी म्हणतों. मग ईश्वराच्या वचनाची गोष्ट निघाली म्हणजे हीच सरळ अक्कल आपण बाजूस कां ठेवावी?

जुन्या करारांत यिर्मया नांवाच्या संदेष्ट्याची एक हकीकत आहे. ती धर्मपंडितांपेक्षां दुकानदारांनींच अधिक लक्ष देऊन वाचावी अशी आहे. इ. स. पूर्वीं ५८७ च्या सुमारास बाबेलच्या राजाच्या फौजेनें यरुशलेम शहरास वेढा दिला होता. शहर पडणार असें यिर्मया उघडपणें सांगत असल्यामुळें यहूदाच्या राजानेंच त्यास पहाऱ्याच्या चौकांत अटकेंत ठेविलें होतें. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे आला व म्हणाला कीं, अनाथोथ गांवचें माझें शेत तूं विकत घे, कारण तें सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हा गांव शहराबाहेर, आणि शहराभोंवतीं शत्रूची फौज. शहरांत उपासमार, विकत घेणारा कैदेंत. या सौद्याहून वेडा सौदा कोणत्या बाजारांत झाला असेल? तरीहि यिर्मयानें तें शेत घेतलें. त्यानें सतरा शेकेल रुपें तराजूंत तोलून दिलें, खरेदीखत लिहिलें, त्यावर साक्षीदार घातले, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी ठेविली, आणि तीं दोन्ही खतें पुष्कळ दिवस टिकावीं म्हणून मातीच्या मडक्यांत घालण्यास आपला लेखनिक बारूख यास सांगितलें. या देशांत घरें, शेतें व द्राक्षमळे पुन्हां विकत घेतले जातील, असें ईश्वराचें वचन त्यास मिळालें होतें. त्या वचनावरचा आपला विश्वास त्यानें व्याख्यानांत सांगितला नाहीं. तो रोख मोजून दाखविला.

या हकीकतींत दोन गोष्टी विशेष ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, यिर्मयाच्या मनांत शंका नव्हती असें नाहीं. शहर शत्रूच्या हातीं जात असतां मला शेत विकत घ्यावयास कां सांगितलेंस, असें त्यानें प्रार्थनेंत देवासच विचारलें. परंतु हा प्रश्न त्यानें पैसे मोजल्यानंतर विचारला. शंकेचें निमित्त करून पैसे खिशांत ठेविले नाहींत. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. शहर खरोखरच पडलें, लोक बाबेलास नेले गेले, आणि पुढें इराणच्या कोरेश राजानें बाबेल जिंकल्यावर इ. स. पूर्वीं ५३८ च्या सुमारास त्यांच्या वंशजांस परत येण्याची मोकळीक मिळाली. वचन पुरें झालें. परंतु मध्यें जवळजवळ पन्नास वर्षें गेलीं. यिर्मयास तर त्याच्याच लोकांनीं मिसर देशांत नेलें, आणि तो परतल्याचा उल्लेख नाहीं. त्या शेताचें धान्य त्याच्या घरीं आलें असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. हुंडीची मुदत आपल्या आयुष्याच्या बाहेर असली तरी ती खरी मानून आज आपल्या गांठचे पैसे घालणें, याचें नांव विश्वास.

मुदतीचा धीर नसला म्हणजे काय होतें, हेंहि त्याच ग्रंथांत सांगितलें आहे. अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा असतां संतति देण्याचें वचन घेऊन घराबाहेर पडला. सारेच्या पोटीं पुत्र झाला तेव्हां तो शंभर वर्षांचा होता. मधल्या पंचवीस वर्षांत नवराबायकोचा धीर सुटला. सारेनें आपली दासी हागार नवऱ्यास दिली, तिला मुलगा झाला, आणि पुढें घरांत कलह माजून त्या निराधार बाईस मुलासह रानांत हांकलून देण्यांत आलें. उतावळेपणा मालकांचा, आणि त्याची भरपाई केली दासीनें!

ही कथा परकी वाटत असल्यास वाचकांनीं आपल्याच घरांत पहावें. पुत्रासाठीं नवस बोलावयाचा, देवास मुदत घालून द्यावयाची, आणि मुदतींत मनासारखें घडलें नाहीं म्हणजे राग सुनेवर काढावयाचा, ही आपली जुनी रीत आहे. शास्त्राची प्रगति झाल्यावर ही रीत सुधारली नाहीं, उलट अधिक क्रूर झाली. गर्भ मुलीचा आहे असें कळतांच तो पाडण्याचा धंदा इतका माजला कीं महाराष्ट्रास १९८८ सालीं व सर्व देशास १९९४ सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तरीहि महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या २००१ च्या खानेसुमारींत ९१३ होती, ती २०११ मध्यें ८९४ वर आली. या घरांत देव्हारे नव्हते काय? होते, आणि त्यांत देवीचीहि मूर्ति होती. जो देवास आपल्या सोयीची अट घालतो त्याचा विश्वास देवावर नसतो. स्वतःच्या इच्छेवर असतो, आणि त्या इच्छेच्या आड जो दुर्बळ येईल त्याचा बळी जातो.

येथें कोणी विचारील कीं, आजच्या काळीं व आपल्या देशांत यिर्मयासारखा सौदा कोणी केला आहे काय? केला आहे, आणि तो पुण्याजवळच केला आहे. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं कोणाचें कांहींहि मत असो, केडगांवच्या त्यांच्या कामाकडे पाहिल्यावांचून या विषयाची चर्चा पुरी होणार नाहीं. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीस संस्कृत शिकविण्याचें धाडस त्यांनीं केलें. पुराणें सांगत, तीर्थें करीत, जवळ होतें तें दानधर्मांत घालीत हें कुटुंब देशभर हिंडलें, आणि १८७० नंतरच्या दशकांत दुष्काळानें गांठलें तेव्हां आई, बाप व थोरली बहीण यांस मृत्यूनें ओढून नेलें. देवावर एवढा भार टाकणारीं माणसें अन्नावांचून खंगलीं, ही गोष्ट त्या मुलीनें डोळ्यांनीं पाहिली.

पुढें १८८३ मध्यें इंग्लंडांत असतां त्या ख्रिस्ती झाल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढलें. तें नंतर पुण्यास आलें. या कामास अमेरिकेंतील एका मंडळानें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें होतें. मनुष्याच्या वचनास मुदत असते, व ती संपते, हें रमाबाई जाणून होत्या. म्हणून मुदत संपण्याच्या आधींच त्यांनीं केडगांवास जमीन घेतली, विहिरी खोदविल्या, फळझाडें लावलीं. ईश्वर अन्न पुरवील अशी त्यांची श्रद्धा होती, आणि म्हणूनच त्यांनीं झाडें लावलीं. या दोन गोष्टींत त्यांस विरोध दिसला नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व सुमारें तीनशें अनाथ मुली व स्त्रिया घेऊन परत आल्या. पुण्यांत प्लेगची धास्ती. एवढीं माणसें शहरांत ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हां त्या केडगांवच्या जमिनीवर 'मुक्तिसदन' उभें राहिलें. १९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला, आणि सदनांतील माणसांची संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. त्यांस भिक्षेवर ठेविलें नाहीं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशीं कामें त्यांस शिकविलीं. बाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, आणि १९२४ सालीं तें भाषांतर त्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. यिर्मयाच्या शेताची हकीकत दुष्काळांतून वांचलेल्या स्त्रियांच्या श्रमानें अशा रीतीनें मराठींत पुन्हां छापली गेली.

रमाबाईंवर ज्यांच्या चरित्राचा परिणाम झाला त्यांत ब्रिस्टल शहराचे जॉर्ज म्युलर हे एक होते. या गृहस्थांनीं आपल्या हयातींत दहा हजारांवर अनाथ मुलें सांभाळलीं, आणि त्यासाठीं कोणा मनुष्यापुढें हात पसरला नाहीं. जें मागावयाचें तें ईश्वरापाशीं मागितलें. त्यांची ही कीर्ति सर्वत्र गाइली जाते. परंतु तिच्याच शेजारीं असलेली दुसरी गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस अधिक महत्त्वाची वाटेल. आलेल्या प्रत्येक देणगीची पावती ते देत, आणि जमाखर्च दरसाल छापून प्रसिद्ध करीत. ईश्वरावर भरंवसा आहे म्हणून हिशेब नको, असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. आपल्याकडील ज्या देवस्थानांत हिशेब विचारणाऱ्यास नास्तिक ठरविण्यांत येतें, त्यांच्या विश्वस्तांनीं ही गोष्ट लिहून ठेवावी.

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. रमाबाईंचे आईबाप कोणत्या हिशेबांत धरावयाचे? त्या दुष्काळांत व त्यानंतरच्या दुष्काळांत देवाचें नांव घेत मेलेल्या लक्षावधि माणसांच्या हुंड्या कां सकारल्या गेल्या नाहींत? मेलेल्यांच्या नातलगांस 'ही देवाची इच्छा' असें सांगणारे लोक पुष्कळ असतात. आमच्या मतें हें उत्तर क्रूर आहे, आणि बहुधा खोटेंहि आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत माणसें मरत असतां याच देशांतून धान्य परदेशीं जात होतें, हें इतिहासांत नमूद आहे. पाऊस पडला नाहीं ही गोष्ट मनुष्याच्या हातची नव्हती. कोठारें कुलुपांत राहिलीं ही मनुष्याच्या हातची होती. ईश्वरानें धाडलेली रक्कम वाटेंत ज्यांच्या हातीं थांबली त्यांनीं आपला दोष देणाराच्या माथीं मारूं नये. रमाबाईंचें स्वतःचें मत याहून वेगळें होतें. आपल्या वडिलांची श्रद्धा चुकीच्या ठिकाणीं ठेविलेली होती असें त्या मानीत. तो धर्माधर्मांचा वाद आम्हांस येथें सोडवावयाचा नाहीं. परंतु आईबापांस उपाशी मरतांना पाहिलेली मुलगी पुढच्या दुष्काळांत दुसऱ्यांच्या मुलींस शोधीत निघाली, एवढें सर्वांस मान्य व्हावें. देवानें आपल्यास कां वांचविलें, या प्रश्नाचें तिला सांपडलेलें उत्तर हें होतें.

ही शिकवण आपल्या संतकथांतहि आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी अंबारें रयतेस उघडून दिलीं, आणि बिदरच्या बादशहाकडे धान्याची किंमत खुद्द विठोबानें विठू महाराच्या वेषांत जाऊन भरली व पावती घेतली, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? कथेंतल्या चमत्कारानें आपण डोळे पुसतों, परंतु तिचा क्रम पाहत नाहीं. आधीं पंतांनीं आपल्या मानेवर सुरी ओढवून घेऊन कोठारें उघडलीं. विठोबा मागून आला. ज्यानें कोठार उघडलें नाहीं त्याच्यासाठीं देवानें भरणा करावा कशाचा?

आणि वेष कोणाचा घेतला? महाराचा. देवानें जो वेष अंगीकारला त्या वेषाच्या माणसास त्याच देवाच्या मंदिरांत पाऊल टाकण्यास आपण शतकानुशतकें बंदी केली. चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेर राहिली, आणि त्यांचे भाऊबंदहि बाहेरच राहिले. १९४७ सालच्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास उपोषण केलें, तेव्हां कोठें विठ्ठलाचें दार सर्वांस उघडलें. त्याआधीं २ मार्च १९३० पासून नाशिकास डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षें चालला होता, व तें दार उघडलें नव्हतें. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉक्टरांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों अनुयायांसह बुद्धधर्म स्वीकारून तो शब्द खरा केला. एकवीस वर्षांची ती मुदत होती. त्या मुदतींत सवर्ण समाजास आपली बाजू सुधारण्यास पुरेसा अवधि होता. तो त्यानें गमावला. देव सर्वांचा आहे असें ग्रंथांत सांगावयाचें आणि देवळाच्या दारांत नाकारावयाचें, अशा पेढीवर कोणी किती दिवस खातें ठेवावें?

बाजारांत खोट्या सहीच्या हुंड्याहि फिरतात, त्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. रोग बरा करूं, पुत्र देऊं, गुप्तधन काढून देऊं, अशीं वचनें देवाच्या नांवानें विकणारे बुवा, भगत व उपदेशक प्रत्येक धर्मांत आहेत. हीं वचनें देवाचीं नव्हत. देवाची सही गिरवणाऱ्यांचीं आहेत. यांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षें झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. या कायद्यानें श्रद्धेवर घाला येतो अशी हाकाटी करणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, खोट्या हुंड्या पकडल्यानें खऱ्या पेढीची पत वाढते कीं कमी होते?

तात्पर्य, ईश्वराच्या वचनावर ज्याचा भरंवसा आहे त्यानें तो कोठें दाखवावा हें उघड आहे. वजनांत एक दाणा कमी देऊन संध्याकाळीं समई लावणाऱ्याचा विश्वास समईवर आहे, देवावर नाहीं. न्यायानें चालल्यास माझें पोट भरेल असें ज्यास खरोखर वाटतें, त्यास मापांत मारण्याची गरज काय? गड्याचा पगार ठरल्या दिवशीं द्यावा. पीक बुडालेल्या वर्षीं शेतकऱ्याच्या दारीं तगाद्यास जाण्यापूर्वीं दामाजीपंतांची आठवण करावी. मुलीच्या शिक्षणास लागणारे पैसे हा खर्च न मानतां यिर्मयाचें खरेदीखत मानावें. त्याचें पीक कदाचित् आपण पाहणार नाहीं, परंतु तें येईल. देवस्थानाचे विश्वस्त असाल तर हिशेब दारावर लावावा.

आपला शब्द पाळीत नाहीं असा समाज ईश्वर आपला शब्द पाळतो असें म्हणूं लागला, तर ऐकणारास तें पटावें कसें? लहान मुलास विश्वास ठेवणें पहिल्यानें शिकविते ती आई, आणि गिऱ्हाइकास शिकवितो तो दुकानदार. देवाची पत जगांत माणसांच्या वागणुकीवरूनच मोजली जाते. तेव्हां येत्या पाडव्यास नवी वही घालतांना पहिल्या पानावर ज्याचें नांव लिहाल, त्याचें नांव आपल्या हातून नाकारलें जाणार नाहीं, एवढें पुढच्या पानांवर पहावें.